पदराच्या गाठीतलं मीठ

रविवार म्हणजे आमच्याकडे कोंबडीचा रस्सा. गडहिंग्लजकडच्या घरात दुसरं काय असणार! सकाळी मिस्टर पिशवी घेऊन बाहेर पडतात, येताना चिकन, कोथिंबीर आणि चार लिंबं घेऊन येतात. मी गॅसवर खोबऱ्याची वाटी भाजायला धरली की त्या वासावर शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून विचारतात, "काय, आज बेत दिसतोय!"

आमच्या भागात चिकन किंवा मटण आधी हळद-मिठात शिजवतात. त्याचं जे पाणी निघतं त्याला आम्ही 'अळणी' म्हणतो. तिखट पडायच्या आधीचं हे पाणी वाटीत घालून लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना द्यायची पद्धत आहे. गंमत बघा, नाव अळणी आणि आत मीठ मात्र चांगलं सणसणीत! लग्न होऊन आल्यापासून मी ही अळणी वाढत आले, पण या शब्दाचा विचार कधी केला नव्हता. तो करायला लावला माझ्या सासूबाईंनी.

२०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी त्यांना आत्याबाई म्हणते. वय तेव्हा पंचाहत्तर. बीपीची गोळी दहा-बारा वर्षांपासून चालू. त्या पावसाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा. रात्री आडव्या झाल्या की दम लागायचा, मग उठून भिंतीला टेकून बसायच्या. आम्हाला वाटलं, पावसाळी हवा आहे, वय झालंय, चालायचंच. एका रात्री मात्र धाप थांबेना. गाडी करून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हृदय अशक्त झालंय. त्यामुळे अंगात पाणी साठतंय. औषधं देतो, पण मीठ कमी करा."

मीठ कमी करा! किती कमी, कशातलं कमी, हे त्या गडबडीत त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरी आल्यावर मी आदर्श सुनेसारखी एक छोटी कढई वेगळी काढली. त्यात फक्त त्यांचं जेवण. बिनमिठाची भाजी, बिनमिठाचं वरण. रविवारी आमच्यासाठी मोठ्या पातेल्यात तांबडा रस्सा आणि त्यांच्यासाठी चार फोडी नुसत्या हळदीत शिजवलेल्या. खरीखुरी अळणी!

आत्याबाई त्या ताटाकडे बघायच्या. दोन घास खायच्या आणि म्हणायच्या, "बास, भूक न्हाई गं." मी मनात म्हणायचे, यांच्या भल्यासाठीच करतेय ना सगळं? महिला मंडळाच्या बैठकीत तर मी अभिमानाने सांगायचे, "आमच्या सासूबाईंचं मीठ मी पूर्ण बंद केलंय!"

दिवाळी झाली आणि पुन्हा तीच सूज, तीच धाप. पुन्हा दवाखाना. नर्सबाईंनी लुगडं बदलायला सांगितलं. आत्याबाईंच्या पदराला कायम एक गाठ असते. सुटे पैसे, एखादी सुपारी, असं काहीबाही त्यात बांधलेलं असतं. मी गाठ सोडली तर आत खडेमीठ! ओल धरलेले, पदराला चिकटलेले मिठाचे खडे.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं. जरा वेळाने भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "तुमी समदी एका पातेल्यातलं खातासा. मला येगळं. मी काय परकी हाय व्हय गं?"

काय उत्तर देणार? ज्या बाईने मला या घरातला रस्सा शिकवला, तिलाच मी पंगतीतून उठवलं होतं.

आधी हिशेब मिठाचा

या वेळी मात्र मी वही-पेन घेऊन डॉक्टरांपुढे बसले. अगदी कॉलेजमध्ये लेक्चरला बसायचे तशी. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. त्यातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं. हृदय अशक्त असलं की हे जादा पाणी पुढे ढकलणं त्याला झेपत नाही, मग पायाला सूज, छातीत धाप. ज्यांचं हृदय धडधाकट आहे त्यांच्याही रक्तवाहिन्यांवर जादा मिठाचा ताण येतो आणि बीपी चढतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे एक सपाट छोटा चमचाही पूर्ण नाही. आणि हे दिवसभराच्या सगळ्या खाण्यातलं मिळून!

"मग आजींचंच कशाला? सगळ्या घराचंच कमी करा," डॉक्टर म्हणाले. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. पाणी उतरवायच्या गोळ्या चालू असताना आपल्या मनाने मीठ पूर्ण बंद करायचं नाही. लघवीवाटे पाण्याबरोबर सोडियमही जातं, ते फार खाली गेलं तर म्हातारं माणूस गळून जातं, बरळायला लागतं. म्हणजे मी ज्याचा अभिमान मिरवत होते, तेही चुकीचंच होतं.

घरी आल्यावर मी एक साधी गोष्ट केली. मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडली आणि तिच्यावर तारीख लिहिली. आम्ही घरात पाच माणसं. पिशवी २५ दिवसांत संपली. करा हिशेब. एक हजार ग्रॅम भागिले पाच, भागिले पंचवीस. माणशी रोजचे ८ ग्रॅम! थोडं मीठ सांडतं, थोडं वाया जातं, हे खरं. पण लोणचं, पापड, फरसाण, बेकरीची खारी यातलं मीठ तर यात धरलेलंच नाही. पुढे वाचलं की २०१७-१८च्या राष्ट्रीय पाहणीतही आपल्या देशातलं सरासरी प्रमाण दिवसाला ८ ग्रॅमच निघालं होतं. म्हणजे आम्ही काही जगावेगळे नव्हतो.

मैत्रिणींनो, हा प्रयोग तुम्ही जरूर करा. त्याला ना डॉक्टर लागतो, ना मशीन. चार माणसांच्या घरात एक किलोची पिशवी ५० दिवस तरी पुरली पाहिजे, आणि बाहेरचं खारट खाणं असेल तर त्याहून जास्त.

चिकनमध्ये मीठ किती वेळा?

भाजीत आपण मीठ एकदाच घालतो. चिकनचं तसं नाही. मी एका रविवारी स्वतःवरच नजर ठेवली. चिकन धुऊन हळद-मीठ लावून ठेवलं, हे पहिलं मीठ. फोडणीवर परतून पाणी घातलं आणि अळणीसाठी पुन्हा घातलं, हे दुसरं. रस्सा उकळताना चव बघितली, जरा कमी वाटलं, पुन्हा चिमूट. पण ही चिमूट कुठली, तीन बोटांची! हे तिसरं. भातात घातलं ते चौथं. पानात डाव्या बाजूला वाढलं ते पाचवं, आणि कांद्यावर, लिंबावर भुरभुरलं ते सहावं.

सगळ्यात लबाड मीठ तर मला दिसलंच नव्हतं. ते होतं चटणीत. उन्हाळ्यात आपण डंकावर वर्षाची कांदा-लसणाची चटणी कांडून आणतो. ती टिकावी म्हणून त्यात सढळ हाताने मीठ घातलेलं असतं. रस्स्यात चार चमचे चटणी पडली की तिच्याबरोबर मीठही पडलं! बाजारातल्या आलं-लसणाच्या तयार पेस्टमध्ये आणि चिकन मसाल्याच्या पुष्कळ पाकिटांतही मीठ असतं. सूपच्या वड्या तर विचारूच नका. पाकिटामागे सोडियमचा आकडा लिहिलेला असतो, त्याची अडीचपट म्हणजे मीठ. १००० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर अडीच ग्रॅम मीठ समजा.

कोंबडीचा यात काही दोष नाही बरं का. ताज्या कच्च्या चिकनमध्ये १०० ग्रॅमला ७०-८० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, ते काही फार नव्हे. जे काही खारट करतो ते आपणच करतो. फक्त गोठवलेलं, आधीच मुरवलेलं चिकन घेताना पाकीट वाचा. काहींत मिठाचं पाणी मुरवलेलं असतं.

आत्याबाईंची शिकवणी

मीठ कुठे कुठे जातं ते कळलं. पण ते काढून त्या जागी घालायचं काय? याचं उत्तर मी पुस्तकांत शोधत होते आणि ते माझ्याच स्वयंपाकघरात पाटावर बसलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, मसाला कच्चा ऱ्हायला की रस्सा पानचट लागतोय. मग तू मीठ वाढीवतीस. नीट भाज की आधी!"

किती खरं! रस्सा मिळमिळीत लागला की आपला हात आधी मिठाच्या बरणीकडे जातो. पण कमतरता मिठाची असतेच असं नाही. कधी कांदा पुरता भाजलेला नसतो, कधी खोबरं पांढरंच राहिलेलं असतं, कधी आंबटपणा नसतो. तेव्हापासून आम्ही सासू-सुना मिळून शिकलो ते असं :

कांदा सालासकट विस्तवावर किंवा गॅसच्या जाळीवर काळा होईपर्यंत भाजायचा. वरची करपलेली सालं काढून टाकली की आतला कांदा गोडसर, धुरकट लागतो. सुकं खोबरंही तसंच, काळपट डाग पडेपर्यंत. तीळ तडतडेपर्यंत. ही भाजकी चवच रस्स्याला जडपणा देते.

दगडफूल विसरायचं नाही. नुसतं हुंगलं तर त्यात विशेष काही वाटत नाही, पण तेलात पडलं की रस्स्याला मातीसारखा खोल वास येतो.

लसूण दोनदा. अर्धा वाटणात आणि अर्धा ठेचून शेवटच्या फोडणीला. शिजलेल्या लसणाची चव वेगळी, ताज्या फोडणीची वेगळी.

आंबट हवंच. लिंबाचा रस किंवा दोन चमचे ताजं दही. जिभेवर आंबट पडलं की मिठाची उणीव तितकीशी जाणवत नाही. पण कोकणातून कुणी कोकमाचं आगळ दिलं असेल तर जपून, त्यात मीठ असतं.

हाडाची कोंबडी घ्यायची. नुसत्या मऊ फोडींना स्वतःची चव कमी. गावठी कोंबडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, तिच्या रस्स्याला मुळातच चव असते. ब्रॉयलर असेल तर तंगडी, मान, पाठ हे हाडाचे तुकडे मागून घ्या.

आणि शेवटचं, मीठ सगळ्यात शेवटी. मोजून. एकदाच.

कमी मिठाचा तांबडा रस्सा

(सहा माणसांसाठी)

साहित्य : एक किलो हाडासकट चिकन, तीन मोठे कांदे, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे तुकडे, दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस, लसणाचा एक मोठा गड्डा, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबीर, एक लहान टोमॅटो, दोन चमचे दही, अर्धा चमचा हळद. खडा मसाला : दोन चमचे धणे, चार लवंगा, आठ मिरी, दालचिनीचा तुकडा, एक मोठा वेलदोडा, दोन तमालपत्रं, थोडं दगडफूल. तिखटाला संकेश्वरी आणि रंगाला ब्याडगी मिरचीचं मिळून तीन चमचे नुसतं तिखट, ज्यात मीठ नाही असं. पाऊण वाटी तेल, एक लिंबू. आणि मीठ एक सपाट छोटा चमचा. सवय झाल्यावर पाऊणच.

कृती : आलं, अर्धा लसूण आणि कोथिंबीर वाटून घ्या. चिकनला हळद, दही आणि हे वाटण चोळून तासभर फ्रिजमध्ये झाकून ठेवा. मीठ लावायचं नाही. हात आपोआप बरणीकडे जाईल, त्याला आवरा!

दोन कांदे विस्तवावर भाजा. टोमॅटोही तसाच भाजून साल काढा. खोबरं भाजून घ्या. तव्यावर खडा मसाला, तीळ, खसखस मंद आचेवर वेगवेगळे भाजा, कारण प्रत्येकाचा वेळ निराळा. हे सगळं थोडं पाणी घालून अगदी बारीक वाटा. वाटण भरड राहिलं तर रस्सा फुटल्यासारखा दिसतो.

जाड बुडाच्या पातेल्यात निम्मं तेल तापवून तिसरा कांदा बारीक चिरून चांगला लालसर परता. त्यावर चिकन घाला आणि मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं परता. मग आच मंद करून ताटलीत पाणी घालून झाकण ठेवा. चिकन आधी अंगच्या पाण्यात शिजू दे. वरचं पाणी गरम झालं की तेच आत सोडायचं. साधारण दीड लिटर गरम पाणी लागेल. चिकन मऊ झालं की वाटीभर अळणी बाजूला काढा. तिच्यात मिरपूड आणि लिंबाचे चार थेंब टाकून बघा. ही नावाप्रमाणे अळणी असते, तरी चवीला फिकी नाही.

दुसऱ्या कढईत उरलेलं तेल तापवा. ठेचलेला लसूण घाला, तो लालसर झाला की वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. इथे घाई करू नका, दहा मिनिटं तरी द्या. आच बंद करून तिखट घाला आणि लगेच थोडं गरम पाणी शिंपडा, म्हणजे तिखट करपत नाही आणि रंग सुरेख उतरतो. हे सगळं चिकनच्या पातेल्यात ओता. दहा मिनिटं उकळू द्या. वर लाल कट येईल.

आता मीठ. मोजलेलं मीठ चमचाभर पाण्यात विरघळवून घाला, दोन मिनिटं उकळा आणि गॅस बंद. अर्धं लिंबू पिळा. चव बघायची तर वाटीत काढून जरा निवू द्या. उकळता रस्सा जिभेवर टाकला तर चटक्यापुढे मिठाचा अंदाज येत नाही, आणि मग आपण उगाच आणखी घालतो.

सोबत ज्वारीची भाकरी. तिच्यात मीठ नाही, सोडाही नाही. यापेक्षा चांगली जोडी कुठली? भातातही मीठ घालू नका, रस्सा कालवायचाच असतो. पानात मिठाच्या जागी लिंबाची फोड आणि कच्चा कांदा वाढा.

हिशेब केलात तर चमचाभर मिठात सहा माणसं, म्हणजे माणशी एक ग्रॅमच्या आतबाहेर. आमच्या जुन्या पद्धतीत कमीत कमी तिप्पट जात होतं.

जिभेला वेळ द्या

हे वाचून येत्या रविवारी एकदम मीठ पाऊण चमच्यावर आणू नका हो! मी ती चूक केली. पहिल्याच दिवशी धाकट्याने ताट सरकवलं. "आई, हे काय दवाखान्यातलं जेवण आहे का?" मिस्टर काही बोलले नाहीत, पण उठून मिठाची बरणी घेऊन आले. मी चिडले, ते चिडले. आत्याबाईच हसून म्हणाल्या, "बघा, आता कळलं का मला कसं वाटत हुतं?"

सगळे गप्प झाले.

मग आम्ही टप्प्याटप्प्याने गेलो. आधी पानातलं मीठ आणि भातातलं मीठ बंद. दोन आठवड्यांनी चिकन मुरवतानाचं. आणखी दोन आठवड्यांनी रस्स्यातलं पाव चमच्याने कमी. असं करत तीन महिने गेले. जिभेचं असं आहे, सवय लावाल तशी ती लागते. पुढे एका लग्नाला गेलो होतो, तर जेवता जेवता धाकटाच म्हणाला, "आई, रस्सा केवढा खारट आहे गं!" तो रस्सा चारचौघांसारखाच होता. आमच्या जिभा बदलल्या होत्या.

कुणी म्हणेल, मग कोल्हापुरी रस्सा तो कसला राहिला? तर मी सांगते, कोल्हापूरचं नाव झणझणीतपणासाठी आहे, खारटपणासाठी नाही!

वर्षाच्या चटणीतही मी बदल केला. नेहमीची चटणी आता निम्मीच कांडते, ती भाकरीबरोबर चवीपुरती. उरलेल्या मिरचीचं भाजक्या मसाल्याबरोबर कोरडं तिखट करून आणते. त्यात मीठही नाही आणि ओला कांदा-लसूणही नाही, म्हणून ते टिकतं. कांदा-लसूण रस्सा करताना ताजा घालायचा.

हे मात्र विसरू नका

मंडळात हा विषय निघाला की बायका दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "सैंधव चालेल का?" सैंधवही मीठच आहे. त्यातही सोडियम जवळजवळ तितकंच, आणि साध्या पाकिटातल्या मिठात असतं ते आयोडीन त्यात बहुधा घातलेलं नसतं. उपासाला खा, पण औषध समजून वाट्टेल तेवढं घालू नका.

दुसरा, "ते कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते आणू का?" या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. २०२५च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी असं मीठ सुचवलं आहे, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती सूचना लागू नाही. बीपीच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांनीही अंगातलं पोटॅशियम वाढतं, त्यात हे मीठ घातलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आमच्या घरी ते आणलेलं नाही. तुम्हीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

आणि मीठ कमी केलं म्हणून बीपीची गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. हे मी दहा वेळा सांगेन.

आता आपल्याबद्दल थोडं. आत्याबाईंच्या दुसऱ्या आजारपणानंतर आमच्या मंडळाने आशाताईंना बोलावून बायकांचं बीपी तपासलं. मी खुर्च्या मांडत होते, पाणी देत होते. कुणीतरी म्हणालं, "ताई, तुम्हीही बसा की." बसले. वरचं १४८, खालचं ९४! मला कधी डोकं दुखलं नाही, चक्कर आली नाही. बीपी असंच असतं, आवाज न करता चढतं. विचार केला तर आश्चर्य कसलं? सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायचं. तळाशी उरलेला आटलेला रस्सा, तोच सगळ्यात खारट, आणि तो संपवायला लोणच्याची फोड. घरातल्या बाईचं ताट कुणी बघतं का? ती स्वतः तरी बघते का? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचं बीपी सरकारी उपकेंद्रात मोफत तपासतात. सासूचं, नवऱ्याचं तपासायला जाल तेव्हा स्वतःचाही हात पुढे करा.

आत्याबाईंचं म्हणाल तर त्या पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. औषधं चालूच आहेत. जास्त बसणं झालं की संध्याकाळी पाय थोडे सुजतात, रोज सकाळी आम्ही त्यांचं वजन वहीत लिहितो. एकदम दोन किलो वाढलं तर पाणी साठलं असं समजून डॉक्टरांना फोन करायचा. पण त्या दिवाळीनंतर दम लागून त्यांना रात्री-अपरात्री न्यावं लागलेलं नाही. मुख्य म्हणजे त्या जेवतात. पंगतीत बसून, सगळ्यांबरोबर, एकाच पातेल्यातलं.

गेल्या यात्रेला नणंदबाई आल्या होत्या. दोन वाट्या रस्सा प्यायल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मसाला बदललास का? काय घातलंस यात?" मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "काय घातलं ते इचारू नगंस. काय न्हाई घातलं ते इचार!"

छोटी कढई मी माळ्यावर टाकली आहे. मिठाची पिशवी आता आमच्याकडे पावणेदोन महिने पुरते, आणि नवी पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायचं काम आत्याबाईंनी नातवाकडे दिलंय. तो लिहितो, त्या चष्मा लावून तपासतात. तुमच्या घरातल्या पिशवीवर आज कुठली तारीख पडणार?